ग्रिप डावी, लिव्हर उजवी

फळ्यावर कोन काढायला शाळेत एक मोठा लाकडी कोनमापक असतो. गणिताची शिक्षिका म्हणून तो माझ्याच ताब्यात असतो. एका शनिवारी तो मी घरी आणला आणि मुलीला म्हटलं, माझ्या डाव्या दंडाला लावून धर, हात कुठवर जातो ते वहीत लिही. सरळ करताना कोपर ४० अंशांवर अडलं, वाकवताना ११० वर थांबलं. तळहात वर करून दाखव, असं ती म्हणाली तेव्हा हात जागचा हललाच नाही. प्रसाद घ्यायला ओंजळ करावी तर उजवा तळहात वर येतो आणि डावा अंगठा वर करून आडवाच राहतो.

सहा वर्षांपूर्वी सांगली-मिरज रस्त्यावर पावसात गाडी घसरली आणि डावं कोपर चुरलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पट्ट्या बसल्या, वर्षभर व्यायाम झाला. हात वाचला, पण आखडून राहिला. स्वयंपाक होतो, फळ्यावर लिहिणं होतं, स्कूटर मात्र सुटली. कॉलेजात एनसीसीत असताना मी .२२ रायफलनं पालथं पडून नेम धरायची. तो आनंद पुन्हा हवासा वाटला आणि एअर रायफल घ्यायचं ठरवलं. ज्याला त्याला विचारत सुटले. सगळ्यांनी कंपन्यांची नावं सांगितली, किमती सांगितल्या. हात कुठल्या बाजूला वळतो हे कुणी विचारलं नाही, आणि माझ्याही ते ध्यानात आलं नाही. वहीतले ते तीन आकडे मी खरेदीच्या आधी मांडायला हवे होते. मांडले ते एक चुकीची बंदूक घरात आल्यानंतर.

ती बंदूक म्हणजे नळी मोडून भरायची साधी स्प्रिंगची एअरगन. दुकानदार म्हणाला, "ताई, हीच घ्या, सगळ्यात हलकी आहे." वजनाला हलकी होती, यात खोटं काही नाही. पण अशा बंदुकीत बळ लागतं ते नळी खाली मोडताना, कारण त्याच झटक्यात आतली दणकट स्प्रिंग दाबली जाते. दस्ता मांडीवर टेकवायचा, एका हातानं तो धरायचा, दुसऱ्यानं नळीचं टोक खेचायचं. माझा डावा हात दस्ता धरून ठेवू शकत नव्हता, म्हणून मी तो गुडघ्यांत पकडायची. मग नळी कधी भिंतीकडे, कधी पायांकडे वळायची. रेंजवरचा पहिला नियम हा की नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. हात अवघडला की माणूस नकळत बंदूक स्वतःकडे वळवून घेतो आणि तो नियम मोडतो. शिवाय अर्ध्यावर हात निसटला तर स्प्रिंग नळीला झटक्यानं परत वर फेकते, बोटं मध्ये असली तर चेचतात. माझी वाचली. पंधरा दिवसांत ती बंदूक मी एकाला देऊन टाकली.

इथे एक हिशेब सांगते, तो आधी केला असता तर ते पैसे वाचले असते. १० मीटर एअर रायफलच्या सामन्यात ६० गोळ्या असतात, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी ७५ मिनिटं मिळतात. त्याआधी १५ मिनिटांत सरावाच्या गोळ्या हव्या तेवढ्या झाडता येतात. म्हणजे एका बैठकीत रायफल ७०-८० वेळा उघडायची, छर्रा ठेवायचा, मिटायची. नेम धरताना हात जवळजवळ स्थिर असतो, वजन हाडांवर तोललेलं असतं. हात खराखुरा राबतो तो रायफल भरताना. त्यामुळे ज्याचा हात पूर्ण चालत नसेल त्यानं रायफल बघायला गेल्यावर आधी नेम धरून बघू नये. ती ८० वेळा उघडमीट करून बघावी. आठ वेळा करून "जमतंय की" म्हणू नये.

मी ही ८० ची परीक्षा कोल्हापूरच्या एका रेंजवर दिली. कोल्हापूरनं नेमबाजीला काय दिलंय ते आमच्या भागात पोरासोरांना ठाऊक आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याचं, जागतिक विजेतेपद मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य आणलं. त्या रेंजवरच्या एका काकांकडे जुनी फाइनवर्कबाउ ३००-एस होती. १९७० च्या दशकात जर्मनीत बनू लागलेली ही रायफल. तिची नळी मोडावी लागत नाही. उजव्या अंगाला एक लांब लिव्हर असते, ती बाहेर काढून मागे ओढायची, की स्प्रिंग दबते. गोळी सुटताना सगळा सांगाडा एका रुळावर किंचित मागे सरकतो आणि धक्का तिथेच जिरतो. काकांनी ती किती जपली होती ते लाकडावर हात फिरवला तरी कळत होतं.

लिव्हर माझ्या धडधाकट उजव्या हातानं सहज ओढली गेली. पहिल्या १० वेळा मला वाटलं, झालं, हीच आपली. विसाव्या वेळेला डावं कोपर ठणकू लागलं. का, ते कळायला थोडा वेळ गेला. लिव्हर ओढतो एक हात, पण त्या ओढीला तोलून रायफल जागेवर धरून ठेवतो दुसरा. तो दुसरा हात काही करताना दिसत नाही, आणि ताण मात्र तितकाच त्याच्यावर येतो. एका हातात दोष असलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते: चांगल्या हाताला काय जमतं ते बघून भुलू नका, त्या क्षणी अधू हाताला काय करावं लागतंय ते बघा.

नंतर एकाच झटक्यात हवा दाबणारी रायफलही हाताळली. तिच्यात स्प्रिंग नसते. लिव्हर बाहेर काढताना हलकी वाटते, परत मिटताना हवा दाबली जाते आणि शेवटच्या टप्प्यात ती चांगलीच जड होते. नेमबाजीला या रायफली उत्तम, अजूनही अनेकांकडे आहेत. पण खांदा किंवा कोपर जिथे कमी पडतं, नेमका तिथेच त्या जोर मागतात. बाराव्या वेळेला मी ती खाली ठेवली.

शेवटी रेंजवर शिकवणाऱ्या सरांनी तिथल्या क्लबची पीसीपी रायफल हातात दिली. पीसीपी म्हणजे नळीखाली दाबलेल्या हवेची छोटी टाकी असलेली रायफल. बहुतेक टाक्या २०० बारपर्यंत भरतात, आणि एकदा भरली की सामना आणि वर सराव आरामात होतो. हवा आधीच दाबलेली असल्यामुळे प्रत्येक गोळीला ताकद लावायची गरज उरत नाही. लिव्हर फक्त छर्ऱ्याची खाच उघडते आणि आतला छोटा हातोडा मागे घेते. खिडकीची कडी काढायला लागतो तेवढाच जोर. ८० वेळा झालं, शंभर वेळा झालं, कोपर गप्प होतं. आज जगभर सामन्यांत याच पद्धतीच्या रायफली वापरतात. फाइनवर्कबाउ, वाल्थर, अनशुट्झ, स्टायर ही त्यातली ठळक नावं.

भरण्याचा प्रश्न सुटला. मग उभं राहून नेम धरायला गेले आणि खरी अडचण तिथे पुढे आली.

उजव्या हाताचा नेमबाज उभा राहतो तेव्हा रायफलचं ओझं डाव्या हातावर असतं. डावं कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांना टेकतं, हात चांगलाच घडी होतो आणि तळहात किंवा मूठ वर करून रायफलखाली जाते. म्हणजे कोपर ११० अंशांच्या बरंच पुढे वाकायला हवं आणि तळहात वर वळायला हवा. माझ्या वहीतले आकडे यातलं एकही करू देत नव्हते. सरांनी वही पाहिली, मला आरशासमोर उभं केलं, माझा डावा हात ट्रिगरच्या जागी नेला आणि उजवा खाली घेतला. ट्रिगरच्या हाताला तळहात वर करावा लागत नाही, अंगठा वर असलेली मूठ पुरते. कोपर थोडं बाहेर उचललं आणि दस्ता थोडा लांब केला की ११० अंशांतही भागतं. माझा डावा हात जसा आखडला होता, तसाच तो तिथे बसला. सर म्हणाले, "तुमची बाजू बदलली, एवढंच."

बाजू बदलण्याची गोष्ट निघाली की हंगेरीच्या कारोय टाकाच यांचं नाव निघतंच. १९३८ मध्ये सैन्यात सरावाच्या वेळी हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. ते डाव्या हातानं पिस्तूल शिकले आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. फक्त पिस्तूल एका हाताचं असतं, रायफल दोन हातांची. रायफलमध्ये बाजू बदलली की दोन्ही हातांची कामं बदलतात, गाल बदलतो, पायांची ठेवण बदलते, आणि डोळासुद्धा बदलावा लागतो.

डोळ्याचं प्रकरण असं. आपल्या दोन डोळ्यांपैकी एक पुढाकार घेतो, माझा उजवा घेतो. रायफल डाव्या खांद्याला लावली तर नेम डाव्या डोळ्यानं धरावा लागतो आणि उजवा डोळा मध्ये लुडबुड करतो. दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, खसखशीच्या दाण्याच्या निम्मा, तोही १० मीटरवर. तिथे दोन डोळ्यांचं भांडण परवडत नाही. उपाय दोन आहेत. डाव्या खांद्यावरून उजव्याच डोळ्यानं नेम धरता यावा यासाठी आरशाचं किंवा लोलकाचं साधन मिळतं. त्याला भिंग नसेल तर नियमांत ते बसतं. दुसरा उपाय साधा: उजव्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची अर्धपारदर्शक पट्टी. मी पट्टी घेतली. डोळा मिटून ठेवू नका, त्यानं चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि दुसरा डोळाही थकतो. पट्टी लावून सवय व्हायला मला तीन महिने लागले.

मग रायफल कुठली? मी डावखुरी झाले म्हणजे डावखुऱ्यांची रायफल, असं मीही धरून चालले होते. एका डावखुऱ्या मुलाची रायफल मागून घेतली. ग्रिप छान बसली, गाल छान टेकला, पण भरायची लिव्हर डाव्या अंगाला. ती चालवायला माझा तोच हात लांबवायचा, वळवायचा. दहाव्या गोळीला मी थांबले. उभ्या प्रकारात दोन गोळ्यांच्या मध्ये रायफल स्टँडवर टेकवता येते. माझी रायफल स्टँडवर असताना डावा हात ग्रिपवर तसाच राहतो आणि मोकळा होतो तो उजवा. भरायचं काम उजव्यानंच करायला हवं. म्हणजे मला हवी होती डाव्या ग्रिपची आणि उजव्या लिव्हरची रायफल. दुकानात उजव्यांची मिळते, डाव्यांची मिळते. ही मात्र तयार मिळत नाही.

जमवता मात्र येते. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या दस्त्यांत बरंच काही सुटं असतं. गालाची फळी उलटी लावता येते. मागची बट-प्लेट वर-खाली आणि तिरकी होते, दस्त्याची लांबी वाढवता-घटवता येते. ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकतं. काही मॉडेलांत तर लिव्हरही या अंगाची त्या अंगाला करता येते. मी उजव्या लिव्हरची, तीन वर्षं वापरलेली रायफल एका खेळाडूकडून घेतली. नवी घेतली असती तर दोन-तीन लाखांना पडली असती, शिक्षकाच्या पगारात ते सोपं नाही. गालाची फळी उलटवली, दस्ता लांब केला, बट-प्लेट थोडी बाहेर कलती ठेवली. राहिली होती ग्रिप. डाव्या हाताची ग्रिप परदेशातून मागवायची तर महिनोन्महिने थांबा, आणि ती येणार धडधाकट डाव्या हाताच्या मापाची.

आमच्या मिरजेत सतारी बनतात. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका कारागिराचा मुलगा माझ्याकडे आठवीत होता. जुनी उजवी ग्रिप घेऊन मी त्याच्या वडिलांकडे गेले. "बाई, बंदुकीचं काम कधी केलं नाही," ते म्हणाले, आणि दोन मिनिटांत माझा हात उलटसुलट करून बघू लागले. त्यांनी एका लाकडी ठोकळ्यावर एम-सील थापलं आणि मला ट्रिगरवर बोट ठेवून तशी मूठ वळायला सांगितली. "दाबू नका. सतार धरतात तशी धरा, नुसती ठेवा." मळलेल्या एम-सीलवर माझ्या आखडलेल्या हाताचा ठसा उमटला. अंगठ्याखाली खोल, करंगळीकडे उथळ, सगळा थोडा बाहेर फिरलेला. त्या ठशावरून त्यांनी शिसमाची ग्रिप पटाशीनं कोरली, कानशीनं घासली. पैसे घेताना संकोचत होते. ही ग्रिप दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही. मुलीनं धरून पाहिली, तिला ती वाकडी वाटली. माझ्या हाताला ती सरळ आहे.

वजनाबद्दल एक गैरसमज दूर करते, कारण त्यातूनच माझी पहिली चूक झाली. हात अधू म्हणून हलकी रायफल, हे दर वेळी खरं नसतं. नियमानं एअर रायफल ५.५ किलोपर्यंत चालते, आणि अगदी हलकी रायफल श्वासासरशी डुलते. प्रश्न असतो वजन कुठे आहे याचा. ते आधार देणाऱ्या हाताच्या वर आलं, तर हाडं ते पेलतात. नळीच्या टोकाकडे गेलं, तर खांद्याला ओढ बसते. माझी साडेचार किलोच्या थोडी वर आहे आणि पुढची वजनं मी काढून मागे लावलीत. ज्यांचा खांदाच वर जात नाही, त्यांनी बट-प्लेट खाली घेऊन बघावी, रायफल खांद्याकडे आणावी. बोटांत जोर नसणाऱ्यांना काळजी करायचं कारण नाही, सामन्याच्या एअर रायफलचा ट्रिगर अगदी थोड्या ग्रॅमवर बसवता येतो. त्यांची अडचण साडेचार मिलिमीटरचा छर्रा चिमटीत धरण्याची, म्हणून खाच किती मोकळी आहे ते आधी बघावं.

आणि ज्यांना रायफलचं ओझं पेलताच येत नाही? त्यांच्यासाठी पॅरा नेमबाजीत एसएच-२ हा गट आहे. त्यात रायफल स्प्रिंगवर बसवलेल्या स्टँडवर टेकवायला परवानगी असते, आणि गरज असेल तर छर्रा भरून द्यायला सहायकही मिळतो. नेम धरणं आणि ट्रिगर ओढणं खेळाडूचं. स्टँडची स्प्रिंग हलते, त्यामुळे रायफल तिथेही आपोआप स्थिर राहत नाही. कर्नाटकचे श्रीहर्ष रामकृष्ण याच गटात खेळतात. २०२२ मध्ये अल ऐनच्या विश्वचषकात त्यांनी सुवर्ण जिंकलं आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ते भारताकडून उतरले. अवनी लेखरा यांची टोकियो आणि पॅरिसची दोन सुवर्णं सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचा गट एसएच-१. त्याच गटात आमच्या कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर टोकियोत चौथे आले. रायफलच्या एसएच-१ मध्ये दोष पायांत असतो, हात रायफल पेलू शकतात. हाताच्या दोषासाठी गट एसएच-२. गट ठरवणारे तज्ज्ञ प्रत्यक्ष हात मोजून, स्नायू तपासून ठरवतात. खरेदीच्या आधी तिथे जाऊन आलेलं बरं, कारण स्टँडवर ठेवायची रायफल आणि हातात पेलायची रायफल यांचा तोल वेगळा लागतो. मी अजून गेलेले नाही. क्लबच्या सामन्यांत सगळ्यांच्या रांगेत उभी राहते.

परवान्याची भीती अनेकांना असते. आपल्याकडे नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तरच एअर रायफलला परवाना लागतो. सामन्याची रायफल ७-८ ज्यूलच्या आसपास असते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पावती मात्र जपून ठेवा.

जुनी पीसीपी घेताना टाकीवर कोरलेली तारीख वाचा. बहुतेक नामांकित कंपन्या टाकीचं आयुष्य १० वर्षं धरतात, आणि सामन्यात टाकी मुदतीतली असणं ही खेळाडूची जबाबदारी असते. ती भरायची कशी, हेही आधीच ठरवा. हातपंप स्वस्त मिळतो, पण २०० बारला पोचेपर्यंत धडधाकट माणसाला घाम फुटतो. अधू हातासाठी तो नाहीच. क्लबच्या मोठ्या सिलिंडरवरून भरायची. तिथेही माझं एक अडतं. टाकी रायफलवरून पिळून काढावी लागते, म्हणजे एका हातानं रायफल घट्ट धरायची आणि दुसऱ्यानं मनगट फिरवायचं. उजवं फिरतं, डावं धरत नाही. सध्या हे काम मुलगी करते. तिच्या परीक्षा आल्या की काका करतात. रायफल पकडायला रबर लावलेला लाकडी चिमटा बनवायचं मिरजेच्या कारागिरांनी मनावर घेतलंय. पहिला केला तो सैल निघाला. दुसरा गेल्या रविवारी आला. टाकी अर्धा आटा फिरली आणि अडकली, तेव्हा त्यांनी चिमटा परत नेला, आणि जाता जाता ग्रिप हातात घेऊन अंगठ्याखालची कड कानशीनं आणखी थोडी उतरवून दिली.